चीजचं मुख्यालय कुठं?

मी लातूरचा, बायको नांदेडची. त्यामुळे आमच्या घरात कुकर कोणत्या शेगडीवर ठेवायचा हा प्रश्नही विभागीय आयुक्तालयासारखा चिघळतो. 2009 मध्ये आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं. आमचं लग्न त्याच्या आधीचं, म्हणून जमलं.

गेल्या रविवारी वाद पेटला तो चीज भरलेल्या गार्लिक ब्रेडवरून. मुलगा नीटच्या तयारीत आहे, आणि लातुरात असं पोर घरात असलं की त्याचा शब्द म्हणजे शासन निर्णय. "मम्मी, घरीच कर. पण चीज ताणलं पाहिजे." ताणाची या घरात कमतरता नव्हतीच, तरी आम्ही कामाला लागलो.

मी लातूर पॅटर्ननं सुरुवात केली. चार व्हिडिओ पाहिले, वहीत नोट्स काढल्या, लाल पेनानं महत्त्वाचं अधोरेखित केलं. बायको म्हणाली, "अहो, पीठ मळायचंय, रँक नाही काढायची." ओव्हनचा विषय लगेच मिटला, कारण त्या पैशात पोराची एक टेस्ट सिरीज येते. जाड बुडाचं पातेलं, तळाला मीठ, वर जाळी आणि झाकण, एवढ्यावर भागवायचं ठरलं.

कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट फेसाळलं. मग मैद्यात पाणी किती, यावर बैठक तहकूब होता होता राहिली. एप्रिल 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावचा माणूस पाणी चमच्यानं घालतो. नांदेडला गोदावरी. तिकडच्या लेकी हात सैल सोडतात. पीठ तिच्या मतानुसार भिजलं आणि माझ्या हाताला चिकटलं. वहीत फुगायला तास लिहिला होता; आमच्या मे महिन्यात ते अर्ध्या तासात पातेल्याच्या काठावर आलं. उन्हाळ्यात इथं दोनच गोष्टी अशा झरझर वाढतात, टँकर आणि मैदा.

आता सारण. बायकोनं बरणीतली परदेशी हॅलापिनो मिरची आणली होती. ठेचा खाऊन वाढलेल्या घरात विकतची, पाण्यात भिजलेली, फिकी मिरची! पण मी गप्प बसलो, कारण चीज मी आणलं होतं, आणि घोटाळा तिथंच होता. स्वस्त पडलं म्हणून खुश होतो. चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली तर आत वनस्पती तेल, स्टार्च आणि बरंच काही. दूध शोधावं लागलं. मार्च 2025 मध्ये आमदार विक्रम पाचपुते नकली पनीर घेऊन विधानभवनात गेले होते. मी माझं पाकीट घेऊन फक्त बायकोसमोर उभा राहिलो. आमदारांचं धाडस सोपं म्हणायचं.

इटलीत नेपल्सच्या आसपास अस्सल मोझरेला करतात तो म्हशीच्या दुधाचा. आमच्याकडे लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यात मराठवाडी म्हैस नावाची स्वतंत्र जात आहे. लातूरच्या नावावर देवणी गाय, नांदेडच्या नावावर लाल कंधारी. एवढी जनावरं दारात रवंथ करत असताना आम्ही ताणण्यासाठी तेल विकत आणलं. म्हशीनं हे पाकीट वाचलं असतं तर तिनं दूध देणं थांबवलं असतं.

असो. बायकोनं गोल लाटला, अर्ध्या भागावर सारण पसरलं, दुसरा अर्धा वर घेतला. दारात बसलेल्या आमच्या आईनं मान वर केली. "करंजीच की गं ही. कडा कामून दाबल्या न्हाईस?" नोट्समध्ये कडा दाबण्याचं नव्हतं, म्हणून मीच थांबवलं होतं. वरून लोणी-लसूण लावला, चिरा दिल्या, झाकण ठेवलं.

वीस मिनिटांनी ब्रेड टम्म फुगलेला दिसला. पोरानं टाळी वाजवली. कापला तर आत पोकळ. चीज कडेनं सुटून जाळीतून खाली उतरलं होतं आणि मिठाला धरून करपलं होतं. मला एकदम औरंगाबादची आठवण झाली. ऑक्टोबर 2016 मध्ये तिथं मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी 49 हजार कोटींची घोषणा झाली. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच शहरात पुन्हा बैठक, पुन्हा हजारो कोटी. वरून कसं खुसखुशीत, सोनेरी! सारण कुठं गेलं ते तळाच्या पातेल्याला विचारावं. आमच्याकडे निदान पातेलं घासायला मिळालं.

पोरानं वरचा पापुद्रा चहात बुडवून खाल्ला आणि अभ्यासाला गेला. दोष कुणाचा, यावर चर्चा रात्री अकरापर्यंत चालली. लातूरचं म्हणणं, पाणी जास्त झालं. नांदेडचं म्हणणं, चीज खोटं होतं. आईचं म्हणणं, कडा.

आता खरं चीज घरीच करून बघायचं ठरलंय. वाचकांपैकी कुणाच्या दारात मराठवाडी म्हैस असेल तर कृपया कळवा. दोन लिटर दूध हवंय. म्हैस लातूरची की नांदेडची, हे आम्ही विचारणार नाही.