कडवे वाल यांस कळविण्यात येते की

प्रति,
श्रीमान कडवे वाल,
द्वारा वाण्याचं दुकान, सर्वांत खालचा कप्पा, जुहू.

विषय : आमच्या घरच्या ताटातील 'प्रथिने' या रिक्त पदासाठी आपला अर्ज.

महोदय,

आपला अर्ज मिळाला. तो आपण स्वतः केलेला नाही, आमच्या चिरंजीवांनी आपल्या वतीने परस्पर केला, याची कार्यालयाला कल्पना आहे. कार्यालय म्हणजे आमचं स्वयंपाकघर. तिथली सचिव, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही पदं लग्न झाल्यापासून माझ्याकडेच असल्यामुळे उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल दिलगिरी.

हे पद रिकामं कसं झालं ते आधी सांगते. आमच्या जुहूत दर दुसऱ्या इमारतीखाली जिम आहे आणि उरलेल्या इमारतींखाली ती होऊ घातली आहे. पहाटे चौपाटीवर फिरायला जावं तर निम्मी माणसं समुद्राकडे पाठ करून स्वतःच्या दंडाचे फोटो काढत असतात. अशाच एका जिममध्ये चिरंजीवांना साक्षात्कार झाला की आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रथिनांचा दुष्काळ आहे. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर वजनकाटा आला. पूर्वी पानात काय वाढलंय ते बघायचे, आता किती ग्रॅम वाढलंय ते बघतात. काट्यापाठोपाठ एक काळा डबा आला. त्यातल्या एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, असं चिरंजीव म्हणतात. त्या एका डब्यात आमचा महिन्याचा किराणा येतो, असं मी म्हणते.

डबा स्थिरस्थावर होतो न होतो तोच नातीने जाहीर केलं की यापुढे ती दूध, दही, तूप, मध यांतलं काही तोंडात घालणार नाही. डब्यातली पूड म्हणजे चीज करताना सुटणाऱ्या दुधाच्या पाण्याचीच भुकटी, त्यामुळे डबाही बाद. (तिला मी एवढंच सांगितलं की बाई गं, बी-१२ कुठल्याच डाळीत नसतं, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घे. ती 'माहितेय आजी' म्हणाली. माझ्याखेरीज घरात वाचणारं ते एकच माणूस आहे.) मग चिरंजीव म्हणाले, "चला, आता प्लांट प्रोटीन!" आणि अर्ज मागवण्यात आले.

खरी गरज किती, हे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कागदांत पाहून ठेवलं. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. त्याच संस्थेने 2024 साली आहाराची 17 कलमी मार्गदर्शिका काढली. तिच्यातल्या दिवसभराच्या ताटात 250 ग्रॅम धान्य आहे आणि 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं. मांसाहारी माणसाने त्यातच अंडी-मासळी धरावी. शरीर कमवायला प्रथिनांच्या भुकट्या खाऊ नका, असंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा चिरंजीवांच्या दोन्ही कानांत इअरफोन होते.

85 ग्रॅम कोरडी डाळ शिजली की दोन-तीन वाट्या भरते. आमच्याकडे तेवढी कधीच होत नाही, हे मान्य. तुरीचा भाव चढला की वरण पातळ होतं, उतरला तरी ते पातळच राहतं. भातात लायसिन कमी आणि डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी आणि ते भातात मिळतं, म्हणून दोघांनी एकत्र नांदायचं. पण त्या संसारात डाळीची बाजू इतकी पाणीदार झाली की भात एकटाच घर चालवतोय. हे सगळं शास्त्र आमच्याच जुहूत, एसएनडीटीच्या आवारातल्या सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालयात शिकवतात. शिकायला मुली लांबलांबून येतात. आमच्या इमारतीतली माणसं त्या रस्त्याने जातात ती जिमला.

आपल्याबरोबर इतरही उमेदवार होते. राजमा रुबाबदार, पण अर्धाकच्चा राहिला तर अख्ख्या घराला उलट्या. खळखळून उकळल्याशिवाय त्याच्यातलं विष मरत नाही. प्रतीक्षा यादी. कुळीथ पिठल्याच्या रूपाने आधीपासूनच कायम नोकरीत आहेत आणि त्यांनी कधी बढती मागितलेली नाही. सोयाबीन यांचे गुण सर्वांत जास्त, शंभर ग्रॅमला छत्तीस-चाळीस, शिवाय सोबत खुद्द महात्मा गांधींचं शिफारसपत्र : 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्याविषयी 'हरिजन'मध्ये लिहिलं. मुलाखतीत चवीचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र सोयाबीन गप्प बसले.

शिफारसपत्राचंही मी फार मनावर घेतलं नाही. कारण याच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत, कस्तुरबा आजारी असताना, त्यांनी मीठ आणि डाळ सोडावी म्हणून आग्रह धरला होता. बा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्हाला तरी सोडवेल का? एवढंच पुरलं. गांधीजींनी त्याच जागी वर्षभरासाठी दोन्ही सोडून दिलं. बांना रडू कोसळलं, मी सोडते पण तुम्ही शपथ मागे घ्या म्हणून त्या विनवू लागल्या; पण शपथ ती शपथ. आत्मकथेत हा प्रसंग घरगुती सत्याग्रह म्हणून दिला आहे. मोठ्या माणसाबद्दल बोलू नये, पण दोन नियमांचा स्वयंपाक ज्यांना करावा लागतो त्यांना हा प्रसंग जरा वेगळा दिसतो. 1924 साली ससूनमधल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीला ते आमच्या जुहूलाच आले होते, 1944 साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर पुन्हा. चौपाटीवर फेऱ्या मारताना मला कधी कधी वाटतं, त्या दिवसांत कोणाच्या स्वयंपाकघराने काय काय वेगळं शिजवलं असेल.

आता त्याच चौपाटीवर रगड्याच्या गाड्या आहेत. रगडा म्हणजे पांढरा वाटाणा, दुसरं काय? आदल्या रात्री भिजवलेला, सकाळी शिजवलेला, बराचसा सातासमुद्रापलीकडून आलेला. भेळेत शेंगदाणे आणि चणाडाळ, पाणीपुरीत मोडाचे मूग, हातात चना जोर गरम. मुंबईने वनस्पतिजन्य प्रथिनं कधी सोडलीच नव्हती. फक्त ती दुसऱ्या कोणीतरी भिजवलेली असली की गोड लागतात. चिरंजीव रगड्याला 'जंक' म्हणतात, आणि त्याच हाताने हुमुसची डबी उघडतात. ती छोल्यांची असते, हे मी अजून सांगितलेलं नाही.

असो. आपल्या अर्जाकडे वळते.

पूर्वानुभव उत्तम. कोकणात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर आपण येता, वेगळं पाणी मागत नाही. मुळांच्या गाठींतल्या जीवाणूंकडून हवेतला नत्र घेता आणि जाताना जमिनीला थोडा ठेवूनही जाता. थंडीत रायगडात आपल्या कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात जातात आणि पोपटी होते. सीकेपी घरांत श्रावणी सोमवारी आपल्या बिरड्याला जो मान आहे तो पक्वान्नांनाही नाही. गुणपत्रिकेत शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं. एवढ्यावर कुठेही नोकरी मिळावी.

वैद्यकीय तपासणीत एक शेरा आहे, तो लपवत नाही. आपल्यात काही शर्करा अशा आहेत की त्या पचवणारं विकर माणसाच्या पोटात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. आमच्या इमारतीची लिफ्ट चार माणसांची आहे. भिजवलेलं पाणी फेकून दिलं आणि सुरुवातीला वाटी लहान ठेवली तर त्रास कमी होतो, तेव्हा हा शेरा आम्ही क्षम्य धरला. घरातून आणखी एक हरकत आली ती ह्यांची. ह्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे आणि त्याचं सगळं खापर हे डाळींवर फोडतात. जुहू कोळीवाड्यातून आणलेल्या बोंबलांवर मात्र एक शब्द नाही. हरकत फेटाळली आहे.

खरी अडचण आपल्या वागणुकीची आहे. रात्री आपल्याला भिजत घालायचं. सकाळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवायचं. मोड यायला आणखी एक दिवस, हवा गार असेल तर त्याहून जास्त. मग कोमट पाण्यात टाकायचं आणि एकेक दाणा हातात घेऊन सोलायचा. चिमटीत दाबलं की साल हातात राहते आणि डाळिंबी सटकते. बहुतेक वेळा परातीत, काही वेळा सोफ्याखाली. अर्धा किलो वाल म्हणजे एक आख्खी दुपार. त्यापुढे हिंगाची फोडणी, ओलं खोबरं, आमसूल, गूळ. आणि एवढं करूनही आपल्याला चमच्याने ढवळलेलं चालत नाही, लगेच मोडता. पातेलंच उचलून हलवावं लागतं.

ही दुपार कोणाची होती, हा प्रश्न चिरंजीवांच्या वजनकाट्यावर येत नाही. आमच्या माहेरी परातीभोवती आजी, आई, दोन काकू बसायच्या, शाळेतून आलेली पोरं पकडून आणली जायची. पैकी मुलगे दहा मिनिटांत पळायचे. 'आजीचा पौष्टिक आहार' म्हणून हल्ली जे लेख येतात ते मी आवडीने वाचते. त्यांत आजी वाढताना दिसते. सोलताना एकदाही दिसलेली नाही.

म्हणून मी सोलण्याचा भाव काढला. आमच्याकडे पोळ्यांना ज्या ताई येतात त्यांना विचारलं. त्या नेहरूनगरहून येतात, दुपारी एकपर्यंत चार घरं करतात. घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "वाल सोलायचे असतील तर त्याचे वेगळे द्यावे लागतील, काकू." अगदी रास्त. मग पार्ल्याच्या बाजारात गेले. तिथे टोपलीत मोड आलेले, सोललेले वाल घेऊन बाया बसतात. त्यांचा पाव किलोचा भाव मी घरी येऊन सांगितला, तर चिरंजीव केवढ्याने ओरडले, "एवढे? वालाचे?" काळ्या डब्याची किंमत देताना त्यांच्या तोंडून असा आवाज निघाल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की डबेवाली कंपनी प्रथिनं विकतच नाही. ती दुपार विकते. चमचाभर पूड, पाणी, खळखळ, संपलं. कोणाला भिजवावं लागत नाही, कोणाला बसावं लागत नाही. सूनबाई अंधेरीच्या ऑफिसातून रात्री नऊला येते. तिला मत विचारलं तर म्हणाली, "आई, मला स्वतःला करावं लागणार नसेल असं कुठलंही प्रोटीन मला आवडतं." इतकं प्रामाणिक मत या घरात आजवर नोंदलं गेलेलं नाही. तिने आल्या आल्या परात घेऊन बसावं, असं कोणाच्या मनात असेल तर ते कार्यालयाला मंजूर नाही. माझ्या अंगठ्यांत संधिवात आहे, म्हणून माझंही नाव कोणी सुचवू नये.

या सर्व बाबींचा विचार करून कळविण्यात येते की आपली नेमणूक आठवड्यातून एका दिवसासाठी, तात्पुरत्या स्वरूपात करण्यात येत आहे. उरलेल्या दिवशी मसूर, मूग आणि चवळी, ज्यांना सोलण्याचा आग्रह नाही, ते पाळीपाळीने काम बघतील, आणि वरण यापुढे घट्ट राहील. आपल्या नेमणुकीच्या अटी अशा : गुरुवारी रात्री भिजत घालणं चिरंजीवांकडे, जिममधून आल्यावर, आंघोळीआधी, कारण आंघोळीनंतर ते सापडत नाहीत. शुक्रवारी फडक्यात बांधणं नातीकडे. शनिवारी दुपारी सोलणं चिरंजीव आणि हे, दोघांनी मिळून. क्रिकेटचा सामना असेल तर टीव्हीसमोर बसून सोलायला परवानगी आहे, मात्र सोफ्याखाली गेलेले दाणे हुडकून मोजून द्यावे लागतील. फोडणी मी देईन. जो सोलायला बसणार नाही त्याचे ग्रॅम त्या दिवशी मोजले जाणार नाहीत.

या अटी दोघांना दाखवल्या. हे म्हणाले, "म्हणजे बोंबील बंद?" बंद नाहीत, हे त्यांना लेखी दिलं आहे.

आपण शनिवारी मोडांसह हजर राहावं.

कळावे,
आपली विश्वासू,
सचिव (तसेच लिपिक व शिपाई),
स्वयंपाकघर, जुहू.

ता. क. चिरंजीवांनी लेखी विचारणा केली आहे की वाल सालासकट खाल्ले तर फायबर वाढतं, मग सोलायचेच कशाला? या प्रश्नाचं उत्तर आपण त्यांच्या पोटात गेल्यावर परस्पर द्यावं.