टाइमबार काका

आमच्या मजल्यावरच्या काकांनी जिल्हा कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केली. दाखल होणारा दावा मुदतीत आहे की नाही हे बघण्यातच त्यातली निम्मी गेली. मूळ इंग्रजी विशेषण ‘टाइमबार्ड’. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचा शेवटचा ‘ड’ गळून पडतो. सरकारी मराठीत त्याला ‘मुदतबाह्य’ म्हणतात, पण तो शब्द फार भिडस्त. काका ‘टाइमबार!’ म्हणतात तेव्हा दुकानाचं शटर खाली आल्यासारखं वाटतं.

१९६३चा मुदतीचा कायदा त्यांना तोंडपाठ. हातउसन्या पैशांच्या वसुलीला तीन वर्षं, जमिनीच्या ताब्याला बारा, गहाण सोडवायला तीस. मुदत गेलेला दावा समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळायचा, हे कलम ३ त्यांचं विशेष लाडकं. त्यामुळे सोसायटीच्या सभेत कुणी २०१९च्या पार्किंगचं भांडण काढलं, की त्यांना कुणी विचारलेलं नसताना निकाल येतो : टाइमबार. मुलगा रात्री उशिरा आला तर विलंब माफीचा अर्ज लागतो आणि त्यात रोजच्या उशिराचं स्वतंत्र कारण. हे असं ताणू नका, जरा व्यवहारज्ञान वापरा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगून ठेवलंय. काका ते साल गाळून पुढे जातात.

त्यांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी. साखरपुड्यात सासूबाईंनी काकूंना नेसवलेली साडी दुसऱ्या कुणाच्या तरी आहेरातली होती. सणावाराला हा विषय निघतोच. एका दिवाळीत मी फराळाला गेलो असताना काका म्हणाले, “अगं, चाळीस वर्षं झाली. टाइमबार!”

काकूंनी चकली तळता तळताच उत्तर दिलं, “कलम बावीस बघा. चालू राहणारा अपकार. साडी अजून कपाटात आहे. दाव्यास कारण रोज नव्याने घडतं.”

बत्तीस वर्षं जेवताना कायदा ऐकवला की असं होतं. काका मुकाट्याने चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

स्वतःचं येणं असलं की काकांचा कायदा जरा मवाळ होतो. “मुदत गेली म्हणून कर्ज मरत नाही हो, फक्त दावा मरतो,” असं ते ऋणकोला समजावतात. खरंही आहे ते. मुदत गेलेलं देणंसुद्धा फेडीन असं सही करून लिहून दिलं, तर तो करार वैध ठरतो. माझ्याकडून त्यांनी हातउसने दहा हजार नेलेत, तिथे मात्र हे वाक्य अजून ऐकलेलं नाही. मुदतीच्या आत देणं लेखी कबूल करून सही केली, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून व्हॉट्सॲपवर आठवण केली, की उत्तरादाखल नुसते जोडलेले हात येतात.

येत्या अकरा तारखेला तीन वर्षं भरतात. त्या दिवशी रविवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो, हे मला काकांनीच शिकवलंय.