तिमाहीची पत्रिका

अर्थशास्त्रात पीएचडी करायला अमेरिकेत आलो, तेव्हा पोरगा पैशाचं गणित शिकून येणार अशी घरच्यांची ठाम समजूत होती. पहिलं वर्ष सरलं तरी पैसा कुठे भेटलाच नाही. मायक्रोच्या वर्गात वस्तू असतात, किमती असतात, ॲरो आणि डेब्रू यांनी १९५४ साली सिद्ध केलेला समतोल असतो. नोट एकही नसते. मॅक्रोत एक कुटुंब असतं आणि ते मरत नाही. अनंतकाळापर्यंत रोज किती खायचं, किती शिल्लक टाकायची, हे त्यानं आजच ठरवून टाकलेलं असतं. आमच्याकडे मोदक किती करायचे यावर चतुर्थीच्या सकाळपर्यंत एकमत होत नाही. तो अनंतकाळाचा हिशेब ज्यात मांडतात, त्या बेलमनच्या समीकरणात असल्या कुटुंबासाठी सोय नाही.

उन्हाळ्यात प्रिलिम, म्हणजे पहिल्या वर्षाची पात्रता परीक्षा. मायक्रोच्या पाठ्यपुस्तकाचा, मास-कोलेल मंडळींचा तो हजारेक पानांचा ठोकळा उशाला घेऊन सगळा वर्ग झोपायचा, म्हणजे झोपायचा नाही.

त्यातून तरलात की फील्ड निवडा. थिअरीवाले कायम सोवळ्यात, आकड्यांना शिवत नाहीत. डेव्हलपमेंटवाले २०१९च्या नोबेलपासून जोरात. मला पाहिलं की विचारणार, ‘‘इंडियाचा डेटा आहे का?’’ जणू लोणच्याच्या बरणीबरोबर तोही बांधून आणलाय. मी लेबर घेतलं.

‘‘म्हणजे युनियन का रे?’’ आत्यानं फोनवर विचारलं. निम्म्या गावाच्या पत्रिका तिनं जुळवल्यात, तेव्हा तिला कळेल असं उदाहरण दिलं. अँग्रिस्ट आणि क्रूगर यांचा १९९१चा निबंध. अमेरिकेत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं शाळेत जरा मोठ्या वयात जातात. शाळा सोडायचं कायदेशीर वय मात्र वाढदिवसावर ठरतं. म्हणून गळणाऱ्यांत त्यांचं शिक्षण थोडं कमी भरतं. त्या फरकावरून, शिक्षणानं पगार किती वाढतो ते काढायचं.

‘‘जन्मावरून पगार! मग आम्ही काय वेगळं करतो?’’

‘‘आत्या, ही जन्माची तिमाही आहे. ग्रह नाहीत यात.’’

‘‘नुसती तिमाही? वेळ नको? एवढ्याशा धाग्यावर एवढं मोठं भाकीत टांगायचं?’’

बाउंड, येगर आणि बेकर यांनी १९९५ साली त्या निबंधावर नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्यांना त्यासाठी आठ पानं लागली. आत्याचं तेवढ्यात कुकरकडे लक्ष गेलं.