मामांची स्प्रिंग

लग्नाची पहिली पंगत बसली होती. वाढपी जिलबी घेऊन आला, तेवढ्यात आमच्या मामांनी खिशातून रुमाल काढला आणि पानाशेजारी उलगडला. आत अंगठ्याएवढी, गंजलेली, एका टोकाला तुटलेली स्प्रिंग. शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "तुम्ही ठाण्याचे ना? तिकडे अशी कुठे पाहिलीत?" पाहुणे म्हणजे नवरीचे सख्खे काका. मुलाकडची ही काहीतरी रीत असावी असं समजून त्यांनी स्प्रिंगला हात लावून नमस्कार केला.

असे मामा गावोगाव असतात. कुणाच्या अंगणात सीट नसलेली येझदी उभी असते, कुणाच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ. आमच्या मामांच्या वाट्याला होडीमागे लावायचं मशीन आलं. ब्रिटिश सीगल, पितळी टाकीचं, इंग्लंडातल्या पूल बंदरात बनलेलं. रेवदंड्याला परसात माडाच्या बुंध्याशी लाकडी घोडीवर ते लटकलेलं असतं. होडी नाही. होडी मशीन सुरू झाल्यावर घ्यायची आहे.

ती स्प्रिंग या मशीनच्या पंख्याची. पंखा दगडाला आपटला तर धक्का तिनं खायचा आणि आतला गिअर वाचवायचा. हे मामा मामींकडे बघत सांगतात. मामी म्हणतात, "कळलं."

मशीनची तक्रार मामा जावयाच्या तक्रारीसारखी ऐकून घेतात, म्हणजे घेत नाहीत. सुरू करायला पुलीवर दरवेळी दोरी गुंडाळावी लागते? "हाताला व्यायाम." पेट्रोलमध्ये दहाला एक तेल घालावं लागतं? "पोटात काही गेलं तर चालेल ना ते!" गिअरबॉक्समध्ये पाणी शिरून तेलाचं ताक होतं? "ती रचनाच तशी आहे." आणि हे शेवटचं तर खरंच आहे. शेजारचा कोळ्यांचा पोरगा एकदा म्हणाला, "काका, यामाहा घ्या ना, सगळे पार्ट मिळतात." मामांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जे मिळतं ते शोधायचं काय?

खरा घोळ बोल्टांचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं; त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. आपल्या बाजारातल्या मेट्रिक बोल्टचा ६०. या पाच अंशांत मामांची पेन्शन जाते. मेट्रिक बोल्ट दोन फेरे गोडीनं जातो आणि मग अडतो. पान्याचीही तीच कथा: व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा पान्याच्या जबड्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून मामा शुक्रवारी पहाटेची गाडी पकडून मुंबईचा चोरबाजार गाठतात. तिथं जमिनीवर पसरलेल्या लोखंडापुढे उकिडवे बसून एकेक पाना भिंगातून वाचतात. तिथून दारूखाना, फुटलेल्या जहाजांच्या मालात. एका दुकानदारानं स्प्रिंग उलटसुलट करून पाहिली. "चाचा, ये किसका है?" मामांनी सगळं सांगितलं, अर्धा तास. त्यानं चहा मागवला आणि स्प्रिंग परत दिली. "बहुत अच्छा आदमी," मामा म्हणाले, "काहीच नव्हतं त्याच्याकडे."

कंडेन्सर मात्र त्यांनी जुन्या चेतक स्कूटरचा बसवला. ठिणगी पडली. त्या रात्री मामा जेवताना बोलले नाहीत. इतक्या सहज जमलेलं त्यांना रुचलं नसावं.

मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडची गोष्ट ते दर पाहुण्याला ऐकवतात. बेस नावाच्या मुलीसाठी तो वल्ही मारत तलावापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला, परत येईपर्यंत ते वितळलं आणि त्यातून होडीला मशीन लावायची कल्पना सुचली, असं सांगतात. १९०९ पासून त्याची मशीनं विकली जाऊ लागली. जाहिराती बेसनं लिहिल्या, धंदाही तिनंच सांभाळला. यावर मामींचं वाक्य ठरलेलं: "तिला धंदा मिळाला. मला भंगार."

दोन वर्षांपूर्वी साउदम्प्टनच्या मामेभावानं नवी कोरी स्प्रिंग पाठवली. सीगलचे पार्ट तिकडे आजही विकत मिळतात. मामांनी पाकीट उघडलं, स्प्रिंग उजेडात धरली. "मिळाली?" म्हणाले, "इतक्यात?" मग डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावली, 'नमुना'.

लग्न यानंतरचं. मी हळूच विचारलं, "मामा, नवी आहे ना घरी?" "आहे की," रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "पण इथली मिळाली तर बघावी."

शेवटी मामींनीच हुकूम सोडला. पाण्यानं भरलेल्या पिंपात मशीन बुडवलं, नवी स्प्रिंग लावली, सतराव्या दोरीला ते सुरू झालं. निळा धूर वाडीभर. शेजारच्यांनी वाळत घातलेल्या बोंबलांना पुढे आठवडाभर पेट्रोलचा वास येत होता. चार मिनिटं चाललं. मामांनी स्वतःच्या हातानं बंद केलं आणि ओट्यावर जाऊन बसले, मुलीची पाठवणी झाल्यासारखे.

पुढच्या शुक्रवारी ते दारूखान्यातून दुसरं सीगल घेऊन आले. याला गिअरच नाही.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर असा गिअर पडलेला असेल तर कृपा करून मामांना कळवू नका. मामींना कळवा, त्या येऊन समुद्रात टाकतील.