जीर्णोद्धाराचे अंदाजपत्रक

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या लोकोक्तीचा अभिमान बाळगणारा परभणीतील सुशिक्षित गृहस्थ घरच्या संगणकाच्या जीर्णोद्धाराचा संकल्प सोडतो, तेव्हा त्याची मूळ दरखास्त केवळ नव्या प्रोसेसरपुरती असते. परंतु २०२२ साली अवतरलेल्या एएम५ सॉकेटाचा प्रोसेसर २०१६ च्या एएम४ मदरबोर्डास वर्ज्य, नवा मदरबोर्ड घ्यावा तर त्यास डीडीआर४ रॅम नामंजूर, आणि ग्राफिक्स कार्ड जुनेच ठेवावे तर चिरंजीवांचा रोष, अशा क्रमाने अखेर जुन्यापैकी माउस तेवढा आपल्या वतनावर कायम राहतो.

यानंतर उरलीसुरली शिल्लक पॉवर सप्लायच्या वाट्यास येते. म्हणजे वैशाखात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या आणि सारे कूलर एकदम सुरू होताच विजेचा दाब डळमळणाऱ्या या मुलखात, ज्या एका पेटीवर बाकीच्या सर्व ऐवजाचे प्राण अवलंबून, तीच नेमकी सर्वांत स्वस्त निवडली जाते, आणि अर्थिंगचा विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब होतो. कॅबिनेटच्या पंख्यांत सप्तरंगी दिवे असावेत, याविषयी मात्र कुटुंबात संपूर्ण मतैक्य असते; त्यांची रक्कम हिशेबात ‘किरकोळ’ या सदराखाली पडते.