सोळा किलोचे नाना

नानांना 'तब्येत काय म्हणते?' असं विचारायची सोय राहिलेली नाही. ते उत्तर देत नाहीत, करून दाखवतात. जिन्यात, बँकेच्या रांगेत, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालू असताना ते दोन पावलं मागे सरकतात, पाय फाकवतात, बूड मागे काढतात आणि अदृश्य वजन दोन पायांमधून झुलवू लागतात. मागे उभ्या असलेल्याने आपला जीव सांभाळायचा.

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतोच. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर नानांनी आरोग्याच्या सगळ्या पंथांची दीक्षा रीतसर घेतली. दुधीचा रस झाला. मग दीक्षित आले: दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं. मग दिवेकर आल्या: थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. मधल्या काळात नाना दोन्ही एकदम करत होते, म्हणजे दर दोन तासांनी ५५ मिनिटं जेवत होते. त्यात पोट सुटलं आणि कंबर धरली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने त्यांना पाठ न वाकवता खुब्यातून कसं वाकायचं ते शिकवलं आणि हातात आठ किलोचं केटलबेल दिलं. तिचा हेतू चांगला होता.

महिनाभरात नानांनी स्वतःचं मागवलं, सोळा किलोचं. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. कुरियरवाल्याने खोकं तिसऱ्या मजल्यावर आणून टेकवलं आणि पायरीवरच बसला. "काका, यात आहे तरी काय?" नानांनी उत्साहाने खोकं उघडलं. बिडाचा काळा गोळा आणि वर जाडजूड कडी.

"हे उचलायचं असतं," नाना म्हणाले.

"उचललं की!" तो म्हणाला आणि पाणी न पिता निघून गेला.

तेव्हापासून नाना शिकवतात. कुणी शिकायला आलंच पाहिजे असं नाही. त्यांचा मुख्य पाठ 'स्विंग'चा. "हे हाताने उचलायचं नाही. हात म्हणजे नुसते दोर. आणि ही बैठकही नाही, गुडघे जेमतेम वाकवायचे. समजा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि मागचं फ्रिजचं दार लावायचंय. कशाने लावाल?" समोरच्या जोशीवहिनी क्षणभर विचार करतात आणि लाजतात. "त्यानेच!" नाना गरजतात. "तस्संच मागे जायचं आणि फाडकन सरळ व्हायचं. गोळा आपोआप छातीपर्यंत येतो."

वर्णन ग्राम्य असलं तरी शंभर टक्के बरोबर आहे. स्विंगमध्ये जोर येतो तो नितंबांचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा, म्हणजे खुर्चीवर जन्म काढणाऱ्यांचे जे स्नायू पेन्शनीत निघालेले असतात नेमक्या त्यांचा. गोळ्याचा भार मुठीच्या बाहेर लोंबत असल्याने मनगट, पकड आणि पोट यांना सतत सावध राहावं लागतं. आणि मोठे स्नायू असे लागोपाठ राबले की छाती धाप टाकते. वजन उचलणं आणि दम वाढवणं एकाच कामात होतं, जागा लागते सतरंजीएवढी. नानांचं दुर्दैव एवढंच की ते खरं बोलतात आणि तरीही ऐकवत नाही.

कारण नाना पुरावे देतात. २०१० सालचा एक अमेरिकन अभ्यास त्यांना पाठ आहे: केटलबेलने मिनिटाला सुमारे २० कॅलरी जळतात. त्याचं रूपांतर ते लगेच बटाटेवड्यांत करतात आणि कुणी हिशेब मागायच्या आत दोन वडे घेतात. त्या अभ्यासातली माणसं दहाच होती, आधीपासून केटलबेलच्या सरावातली होती आणि जीव तोडून गोळा डोक्यावर फेकत होती, हा भाग नाना गिळतात. २०११ सालच्या डॅनिश अभ्यासाचंही तेच. तिथे चाळीस जणांपैकी ज्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं व्यायाम केला, त्यांची मान-खांदे आणि कंबर यांची दुखणी कमी झाली. हे वाक्य नानांनी छापून लिफ्टमध्ये लावलं आहे. त्याच अभ्यासात त्यांचा दमसास मात्र वाढलेला दिसला नाही, हे वाक्य लावलेलं नाही. लिफ्टमध्ये जागा कमी आहे, असं ते म्हणतात.

नानांना खरा अडवणारा माणूस एकच, तळमजल्यावरचे अप्पा. अप्पा कोल्हापूरचे, ऐंशीच्या पुढचे, तालमीच्या मातीत वाढलेले. कान मोडलेले, आवाज शाबूत. नाना त्यांना सांगत होते की हे रशियन शास्त्र आहे, १७०४ च्या रशियन शब्दकोशात 'गिर्या' म्हणून हा गोळा नोंदलेला आहे, १८८५ मध्ये क्रायेव्हस्की नावाच्या डॉक्टरने सेंट पीटर्सबर्गला व्यायामप्रेमींचं मंडळ काढलं, आज स्पर्धेत गोळा दहा मिनिटं खाली टेकवायचा नसतो.

"ते असू दे. आधी कशासाठी होता हा?" अप्पांनी विचारलं.

नाना अडखळले. "आधी... बाजारात धान्य तोलायला वापरत. एक पूड म्हणजे सोळा किलो आणि वर थोडं."

"म्हणजे वाण्याचं माप!" अप्पा खूश झाले. "वैधमापन खात्याचा शिक्का आहे का त्यावर? नाना, आमच्या तालमीत दगडी नाल होती. आत मूठ कोरलेली. अन् लाकडी करेला फिरवायचो, त्याचाही भार तुझ्या या गोळ्यासारखा मुठीपासून लांबच. वस्ताद म्हणायचे फिरव, आम्ही फिरवायचो. शब्दकोश कुणी बघितला नव्हता."

नाना दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी ते अप्पांकडे करेला बघायला गेले. अप्पांनी कपाटामागून काढून दिला, नानांनी तो खांद्यामागून फिरवला आणि भिंतीवरच्या घड्याळाची काच गेली. दोघांनी मिळून तुकडे वेचले. नाना खुब्यातून वाकून वेचत होते.

पण नानांची कीर्ती पसरली ती पाटलांच्या सत्यनारायणाला. पाटील आजोबा महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडले होते. हाड शाबूत राहिलं, पण स्वतःहून उठता येईना म्हणून तासभर फरशीवर पडून होते. कथा रंगात आलेली, साधुवाण्याची नौका किनाऱ्याला लागायची होती, आणि मागच्या रांगेत हाच विषय कुजबुजत निघाला. नानांना राहवेना. "पडल्यावर उठायची विद्या आहे," असं म्हणून ते सतरंजीवर उताणे झाले. 'टर्किश गेटअप' म्हणतात तिला. पाठीवर पडून एका हाताने वजन छताकडे धरायचं आणि ते तसंच वर ठेवून पायरीपायरीने उभं राहायचं. नवशिक्याने वजनाऐवजी मुठीवर जोडा तोलायचा असतो, मनगट कललं की तो पडतो. दारातून पोराकडून एक चप्पल मागवली गेली. पाटीलवहिनींनी पदर तोंडाला लावला.

नानांनी चप्पल मुठीवर ठेवली. आधी कोपरावर आले. मग तळव्यावर. कंबर उचलली, पसरलेला पाय अंगाखालून मागे घेतला, एका गुडघ्यावर आले. नजर सतत चपलेवर. सगळी खोली श्वास रोखून बघत होती, कथा ऐकायला फक्त देव उरला होता. नाना उभे राहिले, चप्पल जागची हलली नाही. मात्र वळत वळत उठताना त्यांचं तोंड चौरंगाकडे झालं होतं, आणि पोथीतून मान वर केलेल्या गुरुजींना दिसली ती त्यांच्यावर उगारलेली चप्पल.

गुरुजींनी पाचवा अध्याय फार लवकर संपवला.

एक मात्र सांगायला हवं. पुढच्या आठवड्यापासून नाना रोज संध्याकाळी पाटलांकडे जाऊ लागले. गोळा नाही, चप्पल नाही. आजोबांना गादीवर कुशीला वळवायचं, कोपरावर आणायचं, मग स्टुलाला धरून एका गुडघ्यावर. तेवढ्या वेळात नाना एकही आकडा सांगत नसत, आणि आजोबांना रक्तदाब आहे म्हणून 'श्वास कोंडू नका' एवढं मात्र दर मिनिटाला बजावत. दिवाळीपर्यंत आजोबा स्टूल धरून आपले आपण उठू लागले.

एरवी सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ४ कायमचा नानांचा असतो. 'तिसऱ्या मजल्यावरून येणारे धातूचे आवाज.' दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मते त्यांचा पंखा गोळ्याच्या तालावर हलतो. नानांनी बाजू मांडताना स्विंगचं प्रात्यक्षिक दिलं, खजिनदार टेबलाखाली गेले, आणि व्यायाम पार्किंगमध्ये, रबरी चटईवर, सात ते साडेसात या वेळेत करावा असा ठराव एकमताने मंजूर झाला. नानांचंही मत ठरावाच्या बाजूने पडलं, कारण पार्किंगमध्ये प्रेक्षक जास्त.

यंदा उन्हाळ्यात नाना-नानी मुलाकडे न्यू जर्सीला गेले. प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा. आठवडाभर घरातून आवाज येत होते, यावेळी धातूचे नव्हेत. नानांचं म्हणणं, एका बॅगेत सोळा गेले तरी सात किलो उरतात. नानींचं म्हणणं, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकमं आणि सुनेने सांगितलेली पितळी समई हे सात किलोंत बसत नाही आणि अमेरिकेत लोखंड मिळतं. बॅग शेवटी काट्यावर चढली. भाजणी गेली, गोळा राहिला. नानांनी तो अप्पांच्या हवाली केला. अप्पा त्याने दार अडवून ठेवतात.

गेल्या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. एडिसनमधली बाग, टोप्या आणि स्वेटर घातलेले सहा-सात आजोबा, त्यात दोन गुजराती आणि एक सरदारजी. प्रत्येकाच्या हातात दुधाचा गॅलनचा प्लॅस्टिक कॅन. भरलेला कॅन साधारण चार किलोचा असतो, शिवाय कंपनीच कडी लावून देते, असा खुलासा नानांनी खाली केला होता. "मागे! सरळ! फ्रिजचं दार!" असा हुकूम हिंदीत चालू होता आणि सरदारजींची लय सगळ्यांत चांगली होती.

ग्रुपवर अंगठे पडले. पाटील आजोबांनी हात जोडले. अप्पा सहसा ग्रुपवर लिहीत नाहीत. त्यांनी नातवाकडून टाईप करून घेतलं: "आधी ते दूध प्या म्हणावं."