‘बीडवाले चालत नाहीत’ म्हणणाऱ्या मालकांना खुलं पत्र

माननीय मालक,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. पण प्रेम वाटावं असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

माझ्या पुतण्यानं तुमची कोथरूडची दोन खोल्यांची जागा पाहिली. भाडं कबूल केलं, डिपॉझिट कबूल केलं, एजंटाला टोकन दिलं. हिंजवडीतल्या कंपनीचं ओळखपत्र, पगाराची स्लिप, आधीच्या मालकांचा फोन नंबर, सगळं तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही त्याला चहा दिलात आणि मेक्सिकोत राहणाऱ्या तुमच्या मुलाचे फोटो कौतुकानं दाखवलेत. मग करारासाठी आधार कार्ड मागितलंत. त्यावर चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड एवढं वाचलंत आणि तुमची भाषाच बदलली. संध्याकाळी एजंटाचा फोन आला: टोकन परत घेऊन जा, काकांना बीडवाले चालत नाहीत.

माणूस ओळखायचा तर आम्हा खेड्यातल्या लोकांना त्याच्याबरोबर चार पावसाळे काढावे लागतात. तुम्ही एका जिल्ह्याच्या नावावर उरकलंत. ज्याचा पगार तपासला, ज्याच्याशी तासभर बोललात, त्याच्याबद्दल तुमच्याकडं एकही वावगी गोष्ट नव्हती. तरीही तो नापास! ही पारख नाही मालक, हा आळस आहे. आणि त्या आळसाची किंमत एका सरळमार्गी पोरानं मोजली.

पुतण्यानं गावी आल्यावर हे सगळं सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकली, तुमच्या मुलाचं शहर. ग्वादालाहारा. हालिस्को राज्याची राजधानी, पन्नास लाखांवर लोकवस्तीचं महानगर. पुण्यासारखंच उंचावरचं, पुण्यासारखंच आयटीवाल्यांचं. टाटांच्या टीसीएसनं 2007 मध्ये तिथं केंद्र उघडलं तेव्हापासून भारतातली पोरं तिथं जाऊन राहतायत. कॅलिफोर्नियात जेवढ्या पैशांत एक खोली मिळत नाही तेवढ्यात तिथं ऐसपैस घर मिळतं, असं तुम्हीच पुतण्याला सांगितलंत. जवळच्या चापाला सरोवराच्या काठावर अमेरिकेतले आणि कॅनडातले पेन्शनर कित्येक दशकांपासून येऊन राहिलेत, कारण त्यांच्या डॉलरला तिथं वजन आहे.

त्याच हालिस्कोचं नाव जगात आणखी एका कारणानं गाजतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. मेक्सिकोतल्या सर्वांत क्रूर अमली पदार्थांच्या टोळ्यांपैकी एक या राज्याचं नाव लावूनच फिरते. मार्च 2025 मध्ये ग्वादालाहारापासून फार दूर नसलेल्या तेउचित्लान इथल्या एका वाडीवर शेकडो बूट-चपला, कपडे आणि जळालेल्या हाडांचे तुकडे सापडले. ते कुणी शोधले? बेपत्ता लेकरांच्या मागावर कुदळी-फावडी घेऊन निघालेल्या त्याच राज्यातल्या आयाबायांनी, भावाबहिणींनी. ती बातमी जगभर गेली.

मग मला सांगा, त्या बातमीनंतर तुमच्या मुलानं शेजाऱ्यांशी बोलणं सोडलं का? त्याच्या मुलांना सांभाळणारी बाई हालिस्कोची आहे म्हणून तिला कामावरून काढलं का? तुम्ही त्याला ‘तिथले लोक चालत नाहीत, परत ये’ असं कळवलंत का? नाही. तिथं तुम्हाला टोळी वेगळी आणि माणसं वेगळी दिसतात. सात समुद्रांपलीकडचा फरक ज्यांना लख्ख दिसतो, त्यांना एका रात्रीच्या एसटी प्रवासावरचा दिसू नये?

बीडबद्दल तुम्ही काय वाचलंत ते मला माहीत आहे. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना हालहाल करून मारलं. पवनचक्की कंपनीकडून मागितलेल्या खंडणीला ते आडवे आले होते. पुढं त्या छळाचे फोटो बाहेर आले तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्यातलं काहीही मी नाकारत नाही. आमच्या जिल्ह्यात गुंडगिरी आहे, राखेच्या धंद्यापासून वाळूच्या उपशापर्यंत सगळ्यांत हात बुडवलेले लोक आहेत आणि त्यांना वर्षानुवर्षं राजकीय आसरा मिळत आला आहे. याची लाज आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त वाटते, कारण आम्हाला तिथंच राहायचं आहे.

पण बातमी पुरती वाचा. ज्यांना मारलं ते बीडचेच होते. खंडणीखोरांपुढं उभे राहिले ते बीडचेच होते. 28 डिसेंबर 2024 रोजी बीड शहरात न्याय मागायला रस्त्यावर उतरलेला जनसागर बीडचाच होता. वडील गेल्यावर त्यांची लेक महाराष्ट्रभर मोर्चांतून बोलत राहिली, तीही बीडचीच. मारेकऱ्यांचा जिल्हा तुम्ही लक्षात ठेवलात आणि मेलेल्याचा, लढणाऱ्यांचा विसरलात. ज्या गुंडगिरीला कंटाळून आमची पोरं बाहेर पडतात, त्याच गुंडगिरीचा शिक्का तुम्ही त्यांच्या कपाळावर मारता. म्हणजे गावी गुंडांचा जाच आणि शहरात तुमचा. त्यांनी जायचं कुठं?

हाच नियम पुण्याला लावू का? 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर चिरडले गेले. दोघंही नोकरीसाठी बाहेरून आलेले होते. पुढं सरकारी रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचं उघड झालं. तेव्हा आमच्या गावात कुणी म्हटलं नाही की पुणेवाले चालत नाहीत. पुण्याचा माणूस चकलांब्यात आला तर त्याला ओट्यावर सतरंजी टाकून बसवतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पत्त्याचा पुरावा कुणी मागत नाही.

तुम्ही म्हणाल, आपापल्या गावी राहावं की, कशाला येता? येतो, कारण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला. अहिल्यानगर ते परळी या मार्गाला मंजुरी मिळाली होती 1995 मध्ये. रेल्वेची वाट बघता बघता एक पिढी म्हातारी झाली. कारखाने नाहीत, पाण्याचा भरवसा नाही. कधी दुष्काळ, तर कधी 2025 च्या सप्टेंबरसारखा पाऊस की कापूस, तूर, सोयाबीन उभ्याचं आडवं होतं. म्हणून जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टर-ट्रकवर टाकून ऊस तोडायला निघतात, कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडाजवळ पाचटाची कोपी. त्या कोपीत सहा-सहा महिने काढतात. 2019 मध्ये सरकारी समितीपुढं जी आकडेवारी आली, तिच्यानुसार बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं होतं. काम बुडू नये म्हणून बायका काय काय सोसतात, ते त्या आकड्यात आहे.

माझ्या पुतण्याचे आईबाप या ऊसतोड मजुरांतलेच. त्यांनी फडावर घाम गाळून त्याला इंजिनिअर केलं, ते कोपीतून पक्क्या खोलीत जाता यावं म्हणून. बीडच्या माणसानं तोडलेल्या उसाची साखर तुम्हाला चालते. त्याच माणसाचं पोरगं तुमच्या खोलीत चालत नाही. ही निवड कुठल्या हिशेबात बसवायची?

आणि पुणं बाहेरच्यांनीच घडवलंय, हे तुम्हाला मी सांगायचं? ज्यांच्या शनिवारवाड्याचा तुम्हाला अभिमान, ते पेशवे श्रीवर्धनचे. टिळक रत्नागिरीचे, आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, फुल्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण. यातल्या कुणाला जिल्हा विचारून वाड्यातून परत पाठवलं असतं तर तुमच्या शहराच्या चौकांना नावं द्यायला माणसं कुठून आणली असती? 1763 मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं. त्याच वर्षी 10 ऑगस्टला माधवराव पेशव्यांनी त्याला हरवलं ते राक्षसभुवनला, गोदावरीकाठी. ते राक्षसभुवन आमच्या गेवराई तालुक्यात आहे. पुण्याच्या अपमानाची भरपाई आमच्या मातीत झाली, मालक.

जुनं राहू द्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं, पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण. तो धावला तेव्हा तो भारताचा होता. उद्या तो तुमच्याकडं खोली बघायला आला तर आधार कार्डावर बीडच लिहिलेलं असेल.

तुमच्या भीतीला मी खोटं म्हणत नाही. जागा तुमची आहे, आयुष्याची कमाई आहे. भाडेकरूनं ती बळकावू नये असं वाटणं रास्त आहे. पण त्या भीतीवर कायद्यानं इलाज दिलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी तुमची आहे. कलम 24 प्रमाणं मुदत संपूनही राहणाऱ्याला बाहेर काढता येतं आणि तेवढ्या काळाची दुप्पट रक्कम वसूल करता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देता येते. पुतण्या या सगळ्याला तयार होता. मेक्सिकोतही घर भाड्यानं घेताना शहरात मालमत्ता असलेला जामीनदार मागतात, तो नसेल तर जादा अनामत घेतात. कडक अट आहे, पण माणसाला ती पुरी करता येते. तुमची अट कुणाला कधीच पुरी करता येणार नाही. जन्माचा जिल्हा बदलायचा अर्ज कुठल्या कचेरीत द्यायचा?

राज्यघटनेनं भारतात कुठंही राहण्याचा हक्क दिलाय आणि जन्मस्थानावरून भेदभाव करायला सरकारला मनाई केलीय. तुमच्या दोन खोल्यांना ती मनाई थेट लागू होत नाही. मी तुम्हाला कोर्टात खेचू शकत नाही, हे तुम्हालाही पक्कं माहीत आहे. म्हणून तर तुम्ही कारण स्वतः सांगितलं नाहीत, एजंटाच्या तोंडून वदवलंत. लेखी नकार मागितला असता तर दिला असतात का? जे लिहायला हात धजत नाही, ते करायला कसा धजतो?

विसरू नका, 2020 च्या लॉकडाउनमध्ये मराठवाड्याची, विदर्भाची पोरं गावी परतली तेव्हा तुमच्या पेठांतल्या कॉट बेसिसच्या खोल्या, खानावळी आणि अभ्यासिका ओस पडल्या होत्या. तेव्हा ‘पोरं कधी येतात’ म्हणून मालकच फोन करत होते. त्या वेळी जिल्हा कुणी विचारला नव्हता.

पुतण्याला आता दुसरीकडं जागा मिळालीय, तेव्हा तुमच्या दोन खोल्या मी मागत नाही. माझी मागणी वेगळी आहे. आज एजंटाला फोन करा आणि ‘बीडवाले नकोत’ ही सूचना काढून घ्या. पुढच्या वेळी गेवराईचं, केजचं, परळीचं पोरगं दारात आलं तर त्याची नोकरी विचारा, आधीच्या मालकांना फोन लावा, पोलिसांकडं नोंद करा, भाडं थकलं तर नोटीस द्या. त्यानं गैरवर्तन केलं तर बेलाशक बाहेर काढा, मी तुमच्या बाजूनं साक्षीला येईन. पण त्यानं काय केलं त्यावरून काढा, तो कुठं जन्मला त्यावरून नको. परक्या मुलखात तुमच्या लेकराला लोकांनी असंच वागवावं अशी तुमची इच्छा असेलच.

कळावे,

चकलांब्याचा एक शेतकरी,
तालुका गेवराई, जिल्हा बीड